तीन बंदुकांची वाटी

वसईच्या भूमीत लोखंडाचा गंजलेला तुकडा कोठेही सापडो, तो चिमाजी अप्पांच्या मोहिमेतला आहे असे छातीठोकपणे सांगणारा मनुष्य तेथल्या तेथे भेटतो. १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला, ती गोष्ट या भागाच्या मनात इतकी खोल रुजली आहे की विळा, बिजागरी, गलबताचा खिळा, सारे त्या एकाच लढाईच्या खाती जमा होते. आम्ही आयुष्याची तीसएक वर्षे कॉलेजात शिकविण्यात घालविली असल्यामुळे अशा अनुमानांकडे थोड्याशा कौतुकाने व पुष्कळशा अहंकाराने पाहत आलो. प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण असे की, त्याच जातीची चूक आमच्या हातून घडली, ती चार लोकांदेखत घडली, आणि ती सुधारताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवण्याजोगे आहे असे आम्हांस वाटते.

आम्ही राहतो ती एव्हरशाईन सिटी ही वसई रोड स्टेशनच्या पूर्वेस अलीकडच्या काळात उठलेली वसाहत. येथे जुने म्हणावे असे काही नाही. जे जुने आहे ते माणसांनी आपल्याबरोबर ट्रंकांतून आणले आहे. आमच्या मजल्यावरचे ऐंशीच्या घरातील एक गृहस्थ वसई गावातले आपले वडिलोपार्जित घर मोडून येथे राहावयास आले. त्यांच्या ट्रंकेत, तांब्याच्या पळ्या व फाटक्या पंचांगांच्या सोबतीने, फडक्यात बांधलेली एक पोलादी वस्तू होती. आकार लहानशा वाटीसारखा. तळाला रुपयाच्या नाण्याहून लहान असे आरपार भोक. बाहेरच्या अंगास बारीक आटे. पान्याने धरता यावी अशी सपाट कडा. त्या कडेवर एक मुद्रा होती: तीन बंदुका एकमेकींस टेकवून उभ्या केलेल्या, आणि जवळ बी. एस. ए. ही अक्षरे. घरातील परंपरा अशी की, गृहस्थांचे आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले होते व परत येताना आपल्या बंदुकीचा हा भाग त्यांनी आठवण म्हणून आणला.

प्रजासत्ताकदिनी आमच्या सोसायटीत जुन्या वस्तूंचे एक छोटेसे प्रदर्शन भरविण्यात आले. चिठ्ठ्या लिहिण्याचे काम अर्थातच प्रोफेसराकडे आले. बी. एस. ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, हे आम्हांस ठाऊक होते. त्या कंपनीने पहिल्या महायुद्धात लक्षावधी ली-एन्फील्ड बंदुका तयार केल्या, हेही ठाऊक होते. मुद्रा समोर होती, परंपरा समोर होती, आणि दोहोंचा मेळ इतका सुरेख बसत होता की आम्ही क्षणभरही न थांबता चिठ्ठी लिहिली: ‘ली-एन्फील्ड बंदुकीचा भाग. पहिले महायुद्ध.’ एका प्रेक्षकाने ती वस्तू १७३९ ची असावी अशी शंका काढली, तेव्हा आम्ही त्यांस हसून सांगितले की, अशी अचूक मापाची, यंत्रावर कापलेली मळसूत्रे त्या काळी नव्हती. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचे सर्वसामान्य माप सुचविले तेच मुळी १८४१ साली. आमचे हे उत्तर बरोबर होते. म्हणूनच पुढे जे झाले ते अधिक झोंबले.

संध्याकाळी वसाहतीच्या नाक्यावरचा सायकल दुरुस्त करणारा कारागीर आपल्या मुलीस प्रदर्शन दाखवावयास घेऊन आला. त्याने ती वस्तू हातात घेतली, अंगठ्याने आट्यांवरून एकदा फिरविली, चिठ्ठी वाचली, आणि मुलीला ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात आम्हांस म्हणाला, “सर, ही सायकलच्या बी. बी. ची वाटी आहे. उजव्या बाजूची.”

“उजव्या बाजूची कशावरून?” आम्ही विचारले. वस्तूची जातच आम्हांस मान्य नव्हती, तेव्हा बाजूचा प्रश्न वास्तविक उद्भवत नव्हता. पण वादात हरणारा मनुष्य नेहमी नको तो प्रश्न आधी विचारतो.

“आटे उलटे आहेत,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती वाटी खिशात घालून त्याच्या दुकानी गेलो. बायसिकलचे दोन्ही पायडल ज्या आडव्या धुऱ्यावर बसविलेले असतात, तो धुरा सांगाड्याच्या तळाशी असलेल्या एका आखूड नळीतून जातो. त्या नळीस बॉटम ब्रॅकेट म्हणतात. कारागिरांच्या तोंडी त्याचे बी. बी. होते. नळीच्या दोन्ही तोंडांशी एकेक वाटी आट्यांनी आवळलेली असते व वाटीच्या आत छर्रे असतात, प्रत्येक बाजूस बहुधा पाव इंची अकरा. त्यांवर धुरा फिरतो. कारागिराने एका जुन्या सांगाड्याची नळी पुसून आमच्या हाती दिली. आमची वाटी आम्ही सवयीप्रमाणे उजवीकडे फिरविली, ती धरली नाही. डावीकडे फिरविली, आणि ती दोन बोटांनी अलगद आत गेली. त्यानंतर त्याने एका खोक्यातून लुधियान्याची कोरी वाटी काढली व तीही त्याच तोंडात त्याच रीतीने बसवून दाखविली. वाटीच्या आतल्या अंगास, जेथे छर्रे फिरतात तेथे, एक गुळगुळीत वर्तुळाकार चर पडली होती. ती त्याने नखाने दाखविली. “बरीच चाललेली आहे,” एवढाच त्याचा अभिप्राय होता.

उलट्या आट्यांचे कारण मोठे मनोरंजक आहे. धुरा फिरत असता छर्र्यांच्या सततच्या दाबामुळे वाटी कणाकणाने धुऱ्याच्या उलट दिशेस सरकू पाहते. उजव्या बाजूने पाहिले असता धुरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून तेथली वाटी काट्यांच्या उलट दिशेस, म्हणजे साध्या आट्यांच्या सैल होण्याच्या दिशेस, वळते. तेथे आटेच उलटे ठेवले की हा उपद्रव उलट वाटी घट्ट करण्याच्या कामी येतो. गंमत अशी की, पायडलांच्या बाबतीत नियम नेमका याच्या विरुद्ध आहे: तेथे उजव्या पायडलाचे आटे साधे व डाव्याचे उलटे. तीसएक वर्षे विद्यार्थ्यांस कार्यकारणभाव शिकविणाऱ्या आम्हांस, लहानपणापासून ज्या वाहनावर बसलो त्याच्या पोटातला हा कार्यकारणभाव ठाऊक नव्हता.

तथापि ‘बायसिकलची वाटी’ एवढ्याने तिचे कूळ ठरत नव्हते. आमच्या वसाहतीपासून जवळच वालीवच्या बाजूस लहानमोठे यंत्रकारखाने आहेत. तेथल्या एका लेथवाल्याकडे आम्ही गेलो. त्याने व्हर्नियर लावून बाहेरचा व्यास सांगितला: सुमारे ३४.८ मिलिमीटर. येथे एक मोठी फसगत होण्याचा संभव असतो, कारण जुन्या फ्रेंच सायकलींच्या या वाट्यांचा व्यास ३५ मिलिमीटर असतो. फरक एका मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा, आणि गंज व झीज तेवढा फरक सहज खाऊन टाकतात. मग त्याने दातेरी पात्यांचा गेज काढला व एकामागून एक पाती आट्यांवर टेकवून, दिव्यापुढे धरून, फटीतून उजेड येतो की नाही हे पाहिले. इंचास चोवीस आट्यांचे पाते जेथे बसले तेथे उजेड पूर्ण बंद झाला.

आता साक्षी-पुरावा पाहू. फ्रेंच वाटी असती तर आटे मिलिमीटरला एक असे असते आणि दोन्ही बाजूंचे सरळ असते. इटालियन वाटीचा व्यास ३६ मिलिमीटर, आणि तिचेही दोन्ही बाजूंचे आटे सरळच. इंग्रजी कारखान्यांत नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचा आपला निराळा बाणा होता: तिच्या स्वतःच्या नळ्यांस इंचास सव्वीस आटे असत, म्हणून रॅलेच्या सांगाड्यात दुसऱ्याची वाटी जात नसे. १.३७ इंच व्यास, इंचास चोवीस आटे, उजवी वाटी उलटी, हे माप इंग्लंडातील इतर बहुतेक कारखान्यांचे, आणि ते बी. एस. ए. च्या नावानेच ओळखले जाई. हेच माप आज हिंदुस्थानात व अन्यत्र तयार होणाऱ्या असंख्य सायकलींत चालू आहे. लुधियान्याची वाटी त्या जुन्या नळीत बसली ती यामुळेच. म्हणजे नुसत्या मापावरून वाटी बर्मिंगहॅमची असे म्हणता येत नाही, आणि नुसत्या मुद्रेवरून ती बंदुकीची ठरविली की काय होते ते आमच्या चिठ्ठीने दाखविलेच होते. मुद्रेने घराणे सांगितले, मापाने काम सांगितले. दोन्ही साक्षी एकत्र घेतल्यावरच निकाल लागला.

पण बंदुका करणाऱ्यांची मुद्रा बायसिकलच्या पोटात आली कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमची शरम हळूहळू कुतूहलात विरघळून गेली, हे कबूल केले पाहिजे.

बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाताचा होता. एक नळी ठोकी, दुसरा चाप घडवी, तिसरा दस्ता कोरी, आणि चौथा कानशीने घासून सर्वांचे जमवून देई. परिणामी एका बंदुकीचा चाप दुसरीस बसत नसे. अमेरिकेत मात्र सरकारी शस्त्रशाळांतून यंत्राने एकसारखे भाग कापण्याची रीत रूढ झाली होती. इंग्रज सरकारने ती पाहून क्रिमियन युद्धाच्या सुमारास एन्फील्ड येथील आपल्या कारखान्यात अमेरिकन यंत्रे आणली. हातकामावर जगणाऱ्या बर्मिंगहॅमला धोका उघड दिसला. १८६१ साली तेथल्या चौदा बंदूकवाल्यांनी एकत्र येऊन बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनी काढली व स्मॉल हीथ येथे यंत्रांचा कारखाना उभारला.

यंत्रांचा एक दोष असा की त्यांस रोज खावयास लागते. लढाई संपली की मागणी संपते, आणि पट्ट्यावर फिरणारी शेकडो यंत्रे उपाशी उभी राहतात. १८८० साली ओटो नावाचा एक गृहस्थ आपली दोन समांतर चाकांची विचित्र गाडी घेऊन कंपनीच्या संचालकांपुढे आला. तो बैठकीच्या टेबलावरच त्या गाडीवर बसून फिरला, मग जिना उतरून रस्त्याने निघून गेला, अशी कथा सांगतात. कथेत तिखटमीठ किती ते असो. कंपनीने ती गाडी बनविण्याचे काम घेतले हे खरे, आणि तीन बंदुकांची मुद्राही त्याच सुमारास कंपनीने आपलीशी केली. पुढे आणखी काही वर्षे सायकली झाल्या. मग सरकारची नव्या मॅगझिन बंदुकीची मागणी आली आणि १८८७ च्या सुमारास सायकली बाजूस सारण्यात आल्या. मागणी ओसरल्यावर १८९३ साली कंपनी पुन्हा बायसिकलकडे वळली, पण या वेळी मुख्यतः सुट्या भागांकडे: हब, धुरे, वाट्या, क्रँक. बंदुकीच्या भागाला जो काटेकोरपणा लागे तोच येथे लागू पडला. हजार वाट्या, हजारही एकसारख्या. कोणतीही कोणत्याही नळीत बसे.

ही एका कंपनीचीच कहाणी नव्हे. कॉव्हेंट्रीत बायसिकलचा धंदा शिवणयंत्रांच्या कारखान्यातून निघाला. अमेरिकेत पोपच्या कोलंबिया सायकली १८७८ साली शिवणयंत्रांच्याच कारखान्यात होऊ लागल्या. रेडिचच्या एका सुईवाल्याच्या कारखान्यातून निघालेल्या कंपनीस एन्फील्डच्या सरकारी शस्त्रशाळेचे काम मिळाले, त्यावरून तिने रॉयल एन्फील्ड हे नाव व तोफेची मुद्रा घेतली. ती पायगाडीही बनवी, आणि आज ज्या बुलेटचा धडधडाट आमच्या खिडकीखालून रोज रात्री जातो तिचेही कूळ तेच. आमच्याकडे मात्र प्रवाह काहीसा उलटा वाहिला: १८८८ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास सायकलींचे दुकान काढले, आणि सायकलपासून सुरू झालेला तो उद्योग पुढे नांगरावर व यंत्रांवर गेला. इंग्लंडात बंदुकीच्या कारखान्यातून सायकल निघाली, आमच्याकडे सायकलच्या दुकानातून कारखाना निघाला.

सुट्या भागांच्या या व्यापाराचा एक परिणाम आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बी. एस. ए. चे भाग कंपनी इतर सायकलवाल्यांस विके. ज्याच्याजवळ नळ्या जोडण्याची भट्टी आहे असा लहानसा दुकानदारही सांगाडा स्वतः जोडी, त्यात बी. एस. ए. चे भाग घाली, आणि वर आपले नाव रंगवी. म्हणून वाटीवर तीन बंदुका असल्या तरी तेवढ्याने ती सायकल बी. एस. ए. ची होती असे सिद्ध होत नाही, वाटी बी. एस. ए. ची होती एवढेच सिद्ध होते. सायकलवरचे भाग तर काळाच्या ओघात बदललेही जातात. मोडका शिलालेख देवळाच्या भिंतीत बसविलेला सापडला म्हणून तो त्या देवळाचाच असे कोणी जाणता मनुष्य म्हणत नाही, तसेच हे.

कालनिर्णय त्यामानाने सोपा निघाला. अशा सुट्या भागांचा व्यापार कंपनीने १८९३ पासून हाती घेतला, तेव्हा वाटी त्यामागची मानण्यास आधार नाही. १९५७ साली बी. एस. ए. चा सायकलींचा धंदा रॅलेने विकत घेतला. हिंदुस्थानात बी. एस. ए. हे नाव पुढे मद्रासच्या टी. आय. सायकल्सने चालविले, ही कंपनी १९४९ साली स्थापन झाली, आणि ते नाव येथील सायकलींवर आजही दिसते. पण आमच्या शेजाऱ्यांनी आपल्या समजत्या वयात घरात बायसिकल कधी पाहिली नाही. तेव्हा वाटीचा काळ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या पलीकडे येऊ शकत नाही.

एवढे झाल्यावर आमच्या मनास एक मोह झाला, तो सांगितलाच पाहिजे. पहिल्या महायुद्धात इंग्रज सैन्यात सायकलस्वारांच्या तुकड्या होत्या आणि त्यांच्यापाशी बी. एस. ए. च्या सायकली असत. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी याच कंपनीने घडीची सायकल काढली. पुण्यास कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली उघडलेल्या सायकलींच्या संग्रहालयात अशी एक पॅराट्रूपर सायकल आहे. म्हणजे आजोबांची वाटी बंदुकीची नसली तरी लष्करी सायकलची होती, असे म्हणून परंपरेची लाज राखता आली असती, आमचीही राहिली असती. चिठ्ठीत फक्त एक शब्द बदलावा लागला असता. पण वाटीवर तसे काही लिहिलेले नव्हते. शिक्क्यावरून बंदूक काढणारे आम्हीच होतो. आता सायकलवरून पलटण काढण्याचा अधिकार आम्हांस राहिला नव्हता.

शेजाऱ्यांकडे जाऊन आम्ही सर्व वृत्तांत सांगितला. ते बराच वेळ वाटी तळहातावर घेऊन बसले. नंतर म्हणाले, “म्हणजे आजोबा लढाईवर गेलेच नव्हते म्हणता?”

आम्ही म्हणालो, “नाना, तसे आम्ही मुळीच म्हणत नाही. ते गेले असतील. पण ही वाटी त्याची साक्ष देत नाही. ही एवढेच म्हणते की तुमच्या घरात एक सायकल होती, आणि ती पुष्कळ चालली.”

यावर त्यांस एक गोष्ट आठवली. त्यांचे वडील सांगत की, आजोबा मुंबईस नोकरीला होते आणि पहाटे अंधारात घरून निघत. वसई गावापासून स्टेशन काही जवळ नाही; आज रिक्षेनेही बराच वेळ लागतो. १८६४ साली गुजरातेकडचा लोहमार्ग पुरा झाला तेव्हा रूळ गावाला दूरच ठेवून गेले, आणि म्हणून इंग्रजी अमदानीत त्या स्टेशनचे नावच बसीन रोड असे पडले. ‘पहाटेची गाडी आजोबांची कधी चुकली नाही,’ हे वाक्य घरात म्हणीसारखे चाले. पण ते गाडीपर्यंत जात कसे, हा प्रश्न ऐंशी वर्षांत कोणी विचारला नव्हता. मुंबईच्या बाजारातून आलेल्या दोन चाकांवर, वाटेतल्या वाडीवाडीची कुत्री जागी करीत, तो मनुष्य वर्षानुवर्षे गेला असावा. वाटीच्या आतली ती गुळगुळीत चर पाहताना एवढे अनुमान आम्ही आपल्याशी केले, आणि ते चिठ्ठीवर घातले नाही.

मेसोपोटेमियाची कथा त्या घरात कोठून आली याचा उलगडा मात्र वाटीनेच केला असे आम्हांस वाटते. सायकल मोडीत गेली, नळ्या गेल्या, चाके गेली. एक वाटी कोणीतरी ठेवून दिली. ती कशाची हे सांगणारा मनुष्य गेला, तेव्हा तिच्यावरच्या तीन बंदुका बोलू लागल्या. कारखानदाराने आपला माल ओळखू यावा म्हणून कोरलेले चिन्ह, माल काय आहे हे विसरले गेल्यावर, त्या घरातले बखरकार झाले. आमच्या कॉलेजी विद्येने त्या बखरीवर शिक्कामोर्तब केले, हा त्यातला सर्वांत वाईट भाग.

पुढच्या प्रदर्शनासाठी आम्ही नवी चिठ्ठी लिहिली: ‘बायसिकलच्या पायडलांच्या धुऱ्याची उजवी वाटी. बनावट बी. एस. ए., बर्मिंगहॅम. १८९३ नंतरची. ओळख पटविणारे: नाक्यावरचे सायकल कारागीर.’ कारागिराने आपले नाव घालू दिले नाही; म्हणाला, नाव घातले तर लोक घरच्या जुन्या सायकली फुकट दुरुस्त करावयास आणतील. नानांनी चिठ्ठी दोनदा वाचली, खिशातले पेन काढले आणि खाली कापऱ्या अक्षरांत एक ओळ आपली घातली: ‘ही आमच्या आजोबांच्या सायकलची.’ ती ओळ आम्ही तशीच ठेवली आहे.